बॅटरी नवी, दुखणं जुनं

पहाटे सव्वाचारला घरून फोन आला की पोटात गोळा येतो. का, ते सांगायला नको. गाव सोडून पुण्या-मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. शुक्रवारचं रिलीज आटोपून (हो, आमच्याकडे शुक्रवारीच रिलीज करतात, त्यावर पुन्हा कधीतरी!) दीड वाजता झोपलो होतो. फोनवर अण्णा होते. "आजीला दम लागलाय. अंबाजोगाईला न्यावं लागतंय. गाडी सेल्फच घेईना." मागून आईचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, आणि बॉनेटखालून येणारा तो ओळखीचा आवाज... टक् टक् टक् टक्.

आमचं गाव सिरसाळा. बीड जिल्हा, परळी तालुका. तीनशेहून जास्त किलोमीटरवरून मी फोनवर काय करणार? "पुन्हा एकदा मारून बघा" एवढंच म्हणालो. सॉफ्टवेअरवाल्याकडे दुसरं असतं काय? शेवटी शेजारच्या काकांनी पिकअप काढली. आजीला गोधडीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं आणि परळीवरून अंबाजोगाई गाठलं. स्वामी रामानंद तीर्थच्या दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला, आणि संध्याकाळपर्यंत आजी घरी येऊन चहात साखर कमी पडली म्हणून आईला बोलत होती. हुश्श.

पण त्या मधल्या चाळीस मिनिटांचं काय? शेजारचे काका त्या रात्री ऊस घेऊन तेलगावच्या कारखान्यावर नंबरात उभे असते तर? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. सकाळचीच गाडी पकडून मी गावी निघालो.

अण्णांनी निकाल दिलेलाच होता. "बॅटरी गेली. सोमवारी नवी टाकतो." आणि खरं सांगतो, मीही फोनवर "टाका" म्हणून मोकळा झालो होतो. आजचं सगळं लिखाण त्या एका शब्दाबद्दल आहे. टाका.

फाइलमधली बिलं

अण्णा निवृत्त शिक्षक. त्यामुळे घरात प्रत्येक वस्तूची फाइल आहे. बसमधून आईला फोन करून गाडीच्या फाइलमधली बिलं वाचायला लावली. पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी, २०१४ ची. पहिली बॅटरी २०१८ मध्ये बदलली. दुसरी २०२२ मध्ये. तिसरी जानेवारी २०२४ मध्ये. आणि आता डिसेंबर २०२४ मध्ये चौथी टाकायची गोष्ट चालली होती.

चार वर्षं, चार वर्षं, सव्वा वर्ष, अकरा महिने.

आता हेच आकडे एखाद्या सर्व्हरचे असते, म्हणजे चार वर्षं नीट चाललेली हार्ड डिस्क अचानक दर वर्षी मरायला लागली असती, तर आमच्या टीमने काय केलं असतं? पाचवी डिस्क मागवली असती का? शक्यच नाही. कोणीतरी विचारलं असतं, मधे काय बदललं? शेवटचं डिप्लॉयमेंट कधी झालं? मीटिंग लागली असती, मूळ कारण शोधून काढ म्हणून माझ्यामागे मॅनेजर लागला असता. आणि घरच्या गाडीच्या बाबतीत तोच मी... "टाका".

दुकानदाराने म्हणे तेव्हा सांगितलं होतं, "थंडीनं जातात ओ बॅटऱ्या." गावात सगळे हेच म्हणतात. तर आधी ह्या थंडीचं बघू.

थंडी खरंच बॅटरी मारते का?

मराठवाड्यातली थंडी म्हणजे विनोद नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत पेपरात असते. सिरसाळ्यात शेतावर पहाटे ऊस तोडणाऱ्यांच्या शेकोट्या पेटलेल्या असतात. पण गाडीच्या दृष्टीने बघाल तर आठ-नऊ अंश ही किरकोळ थंडी.

गाडीची बॅटरी ही शिसं आणि आम्लाची. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये ती बनवली आणि मूळ रसायन अजून तेच आहे. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो. साधारण हिशेब असा, की २५ अंशांना जी बॅटरी पूर्ण ताकद देते ती शून्य अंशाला दोन तृतीयांशाच्या आसपास देते आणि उणे १८ ला चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यातच इंजिनातलं ऑइल थंडीने घट्ट होतं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. मिळणार कमी आणि लागणार जास्त. ओढाताण असते ती ही. बॅटरीवर जो सीसीए नावाचा आकडा छापलेला असतो, तो उणे १८ अंशांना ती किती अँपिअर देईल याचा. म्हणजे बॅटरी बनवणारे कॅनडा-रशियाच्या थंडीचा विचार करून बसलेत, आणि आपण सिरसाळ्याच्या नऊ अंशांना दोष देतोय!

बॅटरीचा खरा शत्रू आपल्याकडे मे महिन्यात असतो. बाहेर ४२ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत आतलं पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. बॅटरी अशक्त होत जाते, पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून कळत नाही. मग डिसेंबर उजाडतो आणि सगळं उघडं पडतं. उन्हाळा मारतो आणि हिवाळा पंचनामा करतो. पंचनामा करणाऱ्यालाच आपण खुनी समजतो, एवढंच.

पण अकरा महिन्यांची बॅटरी एका उन्हाळ्यात मरत नसते. म्हणजे तिला काहीतरी वेगळं होत होतं.

रविवार, पहाटे पावणेसहा

माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे. थेवेनिनचं प्रमेय परीक्षेत दोनदा लिहिलंय. पण कॉलेजच्या लॅबबाहेर मल्टिमीटर हातात धरायची वेळ या रविवारी पहिल्यांदा आली, हे लिहिताना लाज वाटते. शनिवारी रात्री येताना परळीत चारशे रुपयांचा मीटर घेतला होता. काकांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावून अण्णांनी गाडी शनिवारी एकदा चालू करून ठेवली होती, पंधरा मिनिटं.

कानटोपी, तोंडात मोबाइलची बॅटरी. (टॉर्चला बॅटरी म्हणायची आमच्याकडची पद्धत या लेखात फार घोळ घालणार आहे. :) )

पहिलं माप, गाडी रात्रभर उभी, सगळं बंद: १२.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६-१२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळाशी आलेली. आमची अर्धीच्याही खाली. बरं.

दुसरं माप, सेल्फ मारताना. आईला मीटर धरायला दिला आणि सेल्फ मारला. इंजिन कण्हत कण्हत फिरलं, आणि कसंबसं चालू झालं. आई म्हणाली, "साडेदहाच्या खाली गेलं नाही बघ." हे विचित्र होतं. बॅटरी खरंच मेलेली असती तर सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली कोसळायला हवी. ही साडेदहावर उभी आहे आणि तरी सेल्फ रडतोय? म्हणजे बॅटरी देतेय पण सेल्फपर्यंत पोचत नाहीये? हा पुरावा माझ्या नाकासमोर होता आणि मी तो सोडून दिला. का, तर तिसरं माप.

तिसरं माप, इंजिन चालू असताना बॅटरीवर: १४.० व्होल्ट. पुस्तकात लिहिलंय १३.८ ते १४.५ म्हणजे चार्जिंग उत्तम. झालं! मी चहा घेता घेता अण्णांना ऐटीत जाहीर केलं, "ऑल्टरनेटर ओके आहे. बॅटरीच गेलीय."

चारशे रुपयांचा मीटर घेऊन मी बरोब्बर दुकानदाराच्याच निष्कर्षावर पोचलो होतो.

चाचा आणि गरम वायर

सोमवारपर्यंत थांबायला नको म्हणून गाडी तशीच चालवत बसस्टँडकडे नेली. तिथे एक चाचा बसतात. ट्रॅक्टर, उसाच्या ट्रका, जीपा, सगळ्यांची वायरिंग तेच करतात. माझा अहवाल त्यांनी शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला.

"चौदा कवा दाखवलं? लाइट लावून का बिगर लाइटचं?"

बिगर लाइटचं.

"पहाटे अंबाजोगाईला बिगर लाइटची जाणार व्हता का?"

हेडलाइट अप्पर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावायला सांगितलं. मीटर १३.४ वर आला. १३.४ ने बॅटरी पूर्ण कधीच भरत नाही, थंडीत तर नाहीच, कारण थंड बॅटरीला भरायला उलट जास्त व्होल्टेज लागतं. मग चाचांनी गाडी बंद करून तीन-चारदा सेल्फ मारायला लावला आणि बॅटरीच्या निगेटिव्हकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या जाड वायरच्या टोकावर हात ठेवला.

"हात लाव."

नऊ-दहा अंशांच्या सकाळी त्या वायरचं थिंबल चांगलं गरम लागत होतं.

"हितं खातंय," चाचा म्हणाले. "क्लचचं काम केलं व्हतं का कवा?"

अण्णांनी फाइल न बघता सांगितलं, "मागल्या साली. २०२३ च्या मे महिन्यात." क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला होता. बसवताना ती अर्थिंगची वायर कोणीतरी गंजलेल्या, मातीने भरलेल्या जागेवर तशीच आवळली. शेवटचं डिप्लॉयमेंट सापडलं!

आता मला डिग्री आठवली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ऑल्टरनेटरच्या अंगावर, इंजिन चालू, लाइट चालू. एकाच वायरची दोन टोकं, तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ च्या आत चालतं. आलं ०.८. पॉझिटिव्ह बाजूला ०.१. ऑल्टरनेटर स्वतः १४.३ देत होता. १४.३ मधून ०.१ आणि ०.८ वजा करा. १३.४. वजाबाकी अगदी शाळेतल्यासारखी जुळली.

आणि सगळी कोडी एकदम सुटली. लाइट बंद असताना करंट थोडा, म्हणून वाटेत गळती थोडी, म्हणून १४.० दिसलं. लाइट लावले की करंट तिप्पट, गळतीही तिप्पट. सेल्फ मारताना तर शंभराच्या वर अँपिअर त्याच वायरमधून जातात, तेव्हा दोन-अडीच व्होल्ट तिथेच जळायचे आणि सेल्फच्या वाट्याला उरलंसुरलं. म्हणून बॅटरीवर साडेदहा दिसूनही सेल्फ रडत होता. उन्हाळ्यात अण्णा दिवसा गाडी चालवतात, एसी लावत नाहीत (पेट्रोल!), तेव्हा कसंबसं भागायचं. हिवाळ्यात पहाटे लाइट, ब्लोअर, घट्ट ऑइल, भुकेली बॅटरी... सगळं एकदम. आणि सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं, ते मग सहजी निघत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपण जी भंगारात दिली, ती बॅटरी बहुधा उपाशी मेली होती.

परळीचं थर्मल आठवा. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. तेव्हा कोणी जनित्रं बदलायला काढली नाहीत, कारण जनित्रं बरीच होती, पाणी नव्हतं. एवढ्या मोठ्या केंद्राच्या बाबतीत जे आपल्याला सहज कळतं ते बॉनेटखाली का कळू नये?

चाचांनी बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, थिंबल घासलं, आवळलं, वरून ग्रीस लावलं. वीस मिनिटं. पुन्हा माप: ०.०५. बॅटरीवर, सगळे लाइट चालू असताना, १४.१. बॅटरी रात्रभर त्यांच्याकडे हळू चार्जिंगला ठेवली. सोमवारी सकाळी १२.६.

चौथी बॅटरी घेतलीच नाही. त्याच तिसऱ्या बॅटरीने पुढचा हिवाळाही काढला.

तर मग मापायचं काय?

ज्यांच्या गाड्या गावी उभ्या असतात, आणि ज्यांचे आईवडील त्या चालवतात, त्यांच्यासाठी थोडक्यात.

१. रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळी दार उघडण्याआधी शक्य असेल तर, बॅटरीचं व्होल्टेज. नुकतीच चालवलेली गाडी खोटं जास्तीचं दाखवते.

२. सेल्फ मारताना. ९.६ च्या खाली पडलं तर बॅटरीवर संशय. वर राहूनही सेल्फ रडत असेल तर वायरी आणि सेल्फवर संशय.

३. इंजिन चालू, लाइट-ब्लोअर बंद आणि मग चालू. दोन्ही. दुसरं माप घेतलं नाही तर पहिल्याला अर्थ नाही.

४. पॉझिटिव्ह बाजू आणि अर्थिंग, दोन्हीकडची गळती लाइट चालू ठेवून. ०.२ च्या आत.

५. पट्टा. थंड सकाळी चालू करताच चिर्रर्र आवाज येऊन मिनिटाभरात थांबत असेल तर पट्टा घसरतोय. सुरू झाल्या झाल्या ऑल्टरनेटरवर ताण सगळ्यात जास्त असतो आणि थंडीत रबर कडक असतं. नुसता आवाज आहे म्हणून सोडून देऊ नका.

६. गाडी बंद असताना कोण खातंय ते. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक समजतात. पण ठीक म्हणजे किती? दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ च्या बॅटरीतून वीस दिवसांत २४ गेले. तुम्ही दिवाळीला गावी ठेवलेली गाडी संक्रांतीला सुरू होत नाही त्यात थंडीचा वाटा थोडा, आणि नंतर बसवलेल्या स्टिरिओ-ट्रॅकरचा जास्त.

दोन पथ्यं. थंडीत नव्या गाडीवर १४.७ वगैरे दिसलं तर घाबरू नका, थंड बॅटरीला जास्त व्होल्टेज द्यायचं हे रेग्युलेटरला मुद्दाम शिकवलेलं असतं. आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत संगणक पेट्रोल वाचवायला चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावरून निकाल देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी घेऊन सुटलो म्हणणाऱ्यांनो, तुमच्याही गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

आणि हात जोडून एक विनंती. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून "बघू चार्जिंग करतोय का" हा प्रयोग कोणालाही करू देऊ नका. ही डायनामोच्या काळातली युक्ती आहे. ऑल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अशी अचानक निघाली की व्होल्टेज क्षणभर चौदाच्या कितीतरी पट उसळू शकतं आणि गाडीचा संगणक जाऊ शकतो. साडेचार हजारांचं दुखणं पन्नास हजारांवर जातं.

नुसता बोल्टच तर घासला

आता मुद्द्यावर येतो. चाचांनी दीडशे रुपये मागितले. आणि अण्णा, ज्यांनी वर्षभरापूर्वी बॅटरीचे बेचाळीसशे मुकाट्याने मोजले होते, ते म्हणाले, "दीडशे? नुसता बोल्टच तर घासला. शंभर घ्या."

मला हसू आलं, आणि मग नाही आलं. कारण अण्णा वेगळं काही करत नव्हते. आपण सगळे हेच करतो. वस्तूचे पैसे आपण देतो. खोकं दिसतं, त्यावर वॉरंटी असते, बिल फाइलला लागतं. पण कोणी वीस मिनिटं डोकं लावून "तुमच्या वस्तूला काही झालेलं नाही, दुखणं दुसरीकडे आहे" असं सांगितलं, तर त्याचे पैसे द्यायला जिवावर येतं. मग त्या बॅटरीच्या दुकानदाराने तरी का मापत बसावं? मापण्याचे त्याला शून्य रुपये मिळतात, विकण्याचे मिळतात. त्याने आपल्याला फसवलं असं मला वाटत नाही. त्याने लाइट बंद ठेवून एक माप घेतलं, चौदा दिसलं, बॅटरी विकली. मीही अगदी तेच केलं होतं, तेही डिग्री आणि मीटर हातात असताना. त्याला एक गिऱ्हाईक होतं, मला तर आजी होती. जास्त दोषी कोण?

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाला गावात असे चाचा कुठे मिळतात? खरंय. आणि पहाटे चारला दम लागलेलं माणूस घरात असताना गळती मोजत बसा असंही मी म्हणत नाही. तेव्हा शेजाऱ्याची पिकअपच कामाची. कधीकधी बॅटरी खरंच गेलेली असते, चार-पाच वर्षं झाली असतील तर मुकाट्याने बदला. पण वर्षभरात दुसऱ्यांदा तोच भाग बदलायची वेळ आली, तर ती बॅटरी तुम्हाला काहीतरी सांगतेय. तिचं म्हणणं ऐकून घ्यायला दहा मिनिटं आणि चारशे रुपयांचा मीटर पुरतो. नाही जमलं तर ज्याला जमतं त्याला त्या निदानाचे पैसे द्या. बोल्ट घासल्याचे नव्हे, कुठला घासायचा ते कळल्याचे.

आमच्या धंद्यात तर आपण तासाच्या हिशेबाने निव्वळ विचार करण्याचे पैसे घेतो. कोणी "कोडची एकच ओळ तर बदललीस" म्हटलं की केवढा राग येतो! तो राग चाचांना यायला हवा होता. त्यांना आला नाही. त्यांनी शंभर घेतले, खिशात टाकले आणि पुढच्या ट्रॅक्टरखाली गेले. मी मागून जाऊन उरलेले पन्नास दिले, तेव्हा म्हणाले, "आजी कशा हायेत?"

आजी बरी आहे. आता दर शनिवारी रात्री मी फोन करतो. पूर्वी विचारायचो, जेवलात का. आता अण्णा स्वतःच सांगतात. मीटर त्यांच्याकडेच ठेवून आलोय. रविवारी पहाटे उठून माप घेतात आणि फाइलमध्ये तारखेसकट लिहितात. शिक्षकच ते.

परवा फोनवर म्हणाले, "बारा पॉइंट सहा. लाइट लावून चौदा पॉइंट एक."

मग थोडं थांबून म्हणाले, "चाचाला संक्रांतीचा तिळगूळ देऊन आलो."

मी काही बोललो नाही. असो.